आमचा सुईस पणजोबा गवळी होता

माझा चुलतभाऊ भालचंद्र याने छापलेली ढगे घराण्याच्या कुलवृत्तांताची पुस्तिका गेल्या हिवाळ्यात हिमायतनगरच्या एका सभागृहात, गुलाबजामांच्या वाट्यांबरोबर, समारंभपूर्वक वाटण्यात आली. कागद गुळगुळीत होता. पहिल्याच पानावर लाल कोट घातलेल्या, कमरेला तलवार लावलेल्या एका मिशाळ गोऱ्या गृहस्थाचे संगणकावर बनवलेले चित्र होते आणि त्याखाली लिहिले होते : आमचे मूळ पुरुष कॅप्टन यशवंतराव, निजामाच्या फौजेतील स्विस सेनानी. मी ते वाचले, गुलाबजाम संपवला, पुस्तिका खुर्चीवरच ठेवली आणि विद्यानगरला घरी परत आलो. त्यानंतर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी जे लिहिले त्यावरून मला गटातून काढून टाकण्यात आले. नातीने मला परत घेववले, पण मी पुन्हा लिहीन म्हणून आता सगळे सावध असतात. म्हणून हे प्रकरण मी कागदावर, शाईने लिहीत आहे. येथून मला कोणी काढू शकत नाही.

आमचा पणजोबा सेनानी नव्हता. तो गवळी होता. डोंगरातल्या आपल्या गावाहून, एका जहागीरदाराने हौसेने मागवलेल्या गाईंबरोबर, त्यांची देखभाल करण्यासाठी तो हैदराबादेत आला. हे विधान मी संकोचाने करीत नाही, अभिमानाने करतो. आणि ते ऐकीव नाही, त्याला पुरावा आहे. भालूने आपल्या पुस्तिकेत माझ्या थोरल्या बहिणीच्या, शकूताईच्या लग्नाचेही वर्णन केले आहे आणि त्यात स्वतःस ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हटले आहे. त्या लग्नात हा प्रत्यक्षदर्शी लंगोटात होता. मंगलाष्टके चालू असताना कोणीतरी त्याला माझ्याकडे दिले, आणि त्याने माझ्या नव्या कोटावर जे काही केले त्याचा उल्लेख कुलवृत्तांतात आढळत नाही.

आम्ही तेव्हा बरकतपुऱ्यात राहत होतो. घर साधेच, बैठे, पण मागे मोठे अंगण, आणि अंगणात दुभती म्हैस. आजूबाजूचे लोक दूध रतिबाला घेत. आमच्याकडे मात्र म्हशीवाचून घर ही कल्पनाच कोणाला सुचली नसती. पहाटे जाग यायची ती दुधाच्या धारांच्या आवाजाने. रिकाम्या भांड्यात पहिली धार खणखणते, मग भांडे भरत जाईल तसा तो आवाज जाड, मऊ आणि झोपाळू होत जातो. त्या दोन आवाजांमधल्या अवकाशात मी पुन्हा डोळे मिटून घेत असे. धार काढायला बसायची ती आत्याआजी. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण गंगूबाई. आजोबा गेले होते, ती होती. विधवा होऊन तरुणपणीच माहेरी परतलेली, उंच, हाडापेराने रुंद, आणि डोळे असे घारे, की नवखा फेरीवाला तिच्याशी भाव करताना अडखळत असे. म्हशीशी ती दख्खनीत बोलायची, देवाशी मराठीत, आणि धार काढताना असे काहीतरी गुणगुणायची की जे या दोन्हींत बसत नव्हते. त्यात शब्द नव्हतेच. आवाज एकदम उंच उडी घ्यायचा आणि पुन्हा खाली यायचा. म्हैस त्याशिवाय पान्हा सोडत नसे.

त्या घरातले जेवण मला आजही कोठे मिळत नाही. सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा, दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, हे तर हैदराबादच्या कोणत्याही मराठी घरात असायचे. पण आमच्याकडे थंडीच्या दिवसांत आणखी एक प्रकार होई. आत्याआजी दूध नासवून, फडक्यात बांधून, दगडाखाली दाबून त्याचा एक गोळा करी. त्याला मीठ चोळून शिंक्यावर वाळत ठेवी. मग संध्याकाळी चुलीतले निखारे पुढे ओढून तो गोळा त्यांच्याजवळ धरायचा, त्याचा वरचा थर मऊ होऊन घरंगळू लागला की सुरीने गरम भाकरीवर खरवडायचा, वरून लसणाची चटणी. आम्ही ओळीने ताटल्या धरून बसत असू. त्या पदार्थाला नाव नव्हते. आत्याआजी त्याला ‘बाबाचं’ म्हणे, म्हणून आम्हीही ‘आज बाबाचं कर’ म्हणत असू. बाबा कोण, हे त्या वयात कोणी विचारले नाही. मुले ताटलीकडे पाहतात, इतिहासाकडे नाही.

शकूताईचे लग्न नांदेडकडच्या बापूसाहेबांच्या मुलाशी ठरले. मुलगा हैदराबादेत इंजिनियर, घरची शेती मोठी, माणसे मोकळी; दादा, म्हणजे माझे वडील, आनंदात होते. साखरपुड्याच्या पंगतीत बापूसाहेबांनी सहज विचारले, “आमच्या सूनबाईचे डोळे घारे कुठून आले हो?” दादा घास गिळत होते, तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ वसंतकाका, म्हणजे या भालूचे वडील, बोलून गेले, “आमचे आजोबा यशवंतराव निजामाच्या फौजेत कॅप्टन. त्यांच्या घराण्यातच गोरेपण.” बापूसाहेबांनी “अस्सं” म्हटले आणि वाढलेल्या जिलबीला नको म्हटले. त्या वेळी त्या ‘अस्सं’चा अर्थ आम्हांपैकी कोणालाच लागला नाही.

लग्नाआधी घरातील झाडून सारी तांब्यापितळेची भांडी माळ्यावरून उतरली. कल्हईवाल्याने अंगणात भाता मांडला, ढिगाकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. “अम्मा, इत्ते बर्तनाँ? शादी है की लश्कर का खाना?” आत्याआजी म्हणाली, “तू भाता मार, बातां नक्को मारू.” कल्हईपूर्वी भांडी बाहेरून घासण्याचे काम शकूताईकडे आणि माझ्याकडे आले. मी कॉलेजात होतो आणि भांडी घासणे मला कमीपणाचे वाटत होते. पण चिंचेने काजळी निघू लागली आणि तिच्याखालून अक्षरे वर येऊ लागली, तसा मी बाह्या सरसावून बसलो. आपल्याकडे भांडे देताना त्यावर नाव घालण्याची रीत आहे. कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त दिले. बारसे असो, लग्न असो, डोहाळजेवण असो, बाजारातला माणूस छिन्नीने टकटक करीत चार शब्द कोरून देतो. घराण्याची कागदपत्रे वाळवी खाते, पूर नेतो, भाऊबंद लपवतात. भांडी मात्र कोणी लपवीत नाही, कारण त्यांत रोज शिजवायचे असते. भालूने आपल्या पुस्तिकेसाठी म्हणे संग्रहालये धुंडाळली. त्याने एकदा आपल्या आईचे स्वयंपाकघर पाहिले असते तर बरे झाले असते.

शकूताईने ती भांडी अंगणात एका ओळीत मांडली, जुन्यापासून नव्यापर्यंत, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक माणूस त्या ओळीतून चालत आला. सर्वांत आधी दुधाची एक कासंडी, परदेशी घडणीची, जड. तिच्या बुडाला रोमन लिपीत याकोब असे नाव आणि खाली आम्हांला न उच्चारता येणारे एका गावाचे नाव. मग तांब्याची एक पतेली, तिच्यावर उर्दू अक्षरे. दादांचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत वाचले, “सुईस साब को, तबेलेवालों की तरफ से.” मग एक घागर : सौ. राधाबाई याकोब हिस, बंधू तुकाराम ढगे याजकडून. राधाबाई म्हणजे माझी पणजी. ती आधी विधवा होती, आणि आमच्यासारख्या कुणबाऊ घरांत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, हे सर्वांना ठाऊक होते. पण पाट कोणाशी, ते त्या घागरीने सांगितले, आणि भावाने ‘सौ.’ कोरून घेऊन सांगितले. मग एक पितळी परात, तिच्या काठावर ‘याकोब साब, माळेगाव यात्रा’. म्हणजे हा मनुष्य खंडोबाच्या माळेगावला, जनावरांच्या बाजारात जात होता. मग दोन लहान वाट्या : चि. गणपत याकोब, बारसे, चि. गंगू याकोब, बारसे. आणि त्यानंतर एकदम एक भला मोठा हंडा, माझ्या आजोबांच्या लग्नातला : चि. गणपत यशवंतराव ढगे.

“हे पाहा!” वसंतकाका हंड्यावर थाप मारून म्हणाले. “यशवंतराव. पितळेवर कोरलेलं आहे. आता बोला.”

“बोलतो,” मी म्हणालो. “हा हंडा सर्वांत शेवटचा आहे, काका. आधीच्या साऱ्या भांड्यांवर याकोब आहे. यशवंतराव लग्नापुरता आला. आणि कॅप्टन तर कोणत्याही भांड्यावर नाही. कासंडी कोणत्या फौजेत देतात?”

“दत्तू, तू गप बैस. उद्या कन्यादानात तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. पणजोबा याकोब म्हटलं तर मांडवात लोक काय म्हणतील? किरिस्तावाची पोर! परत जाईल वरात. मग घाल ती कासंडी डोक्यात.”

काकांचे भय खोटे नव्हते, एवढे मी आज कबूल करतो. त्यांचा इतिहास खोटा होता. दादा पतेलीवरच्या अक्षरांवरून पुन्हा बोट फिरवू लागले. तेव्हा आत्याआजी म्हशीला वैरण टाकून पदराला हात पुशीत आली. तिने ओळीतून आपली बारशाची वाटी उचलली.

“नाव आईनं बदललं,” ती म्हणाली. “बाबा गेला होता. गणपतला पोरगी कोणी देईना, म्हणून यशवंत केला, आडनाव मामाचं लावलं. मेलेल्याला कोण विचारतंय? गणपतचं झालं, मग माझं झालं. भट म्हणाला, यशवंताची कन्या गंगा. मी म्हटलं, हा यशवंत कोण? मी नाही बघितला. आणलेल्या गाई उन्हानं मेल्या तेव्हा माझा बाबा रडला होता म्हणतात. मग म्हशींत राहिला. मला खांद्यावर घेऊन म्हशीमागं फिरायचा. त्याच्या अंगाला दुधाचा वास यायचा. माझ्या कन्यादानाला तो नव्हताच, दुसऱ्याच कोणाची पोर म्हणून गेले मी.” मग ती दादांकडे वळली. “माधव, एकदा तरी या घरच्या लग्नात माझ्या बापाचं नाव घे. मग मी मरायला मोकळी.”

“मरायची घाई काय आहे, आत्या?” दादा म्हणाले. पुढचे सगळे दिवस ते गप्पच होते. नावे विचारायला गुरुजी येऊन गेले, त्यांनाही दादांनी “मांडवात सांगतो” एवढेच उत्तर दिले. एकीकडे म्हातारी आत्या, एकीकडे पोटची मुलगी. आज मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे, आणि तरीही त्या दिवसांत त्यांच्या जागी मला बसवले असते तर मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. मी तेव्हा फक्त भांडत होतो, आणि भांडणे सोपे असते. लग्नाच्या दिवशी रुखवताच्या मांडणीत मी ती कासंडी लाडवांच्या अगदी पुढे ठेवली. काकांनी ती टेबलाखाली सरकवली. मी पुन्हा वर ठेवली. त्यांनी पुन्हा खाली. शेवटी कोणीतरी तिच्यात पान-सुपारी भरून ती पाहुण्यांत फिरवली, तेव्हा आमचे दोघांचेही समाधान झाले.

लग्न घराजवळच्या मैदानात, मांडव घालून होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, माणसे पंगतीकडे वळू लागली. कन्यादानाला दादा आणि आई पाटावर बसले. आत्याआजी मांडवात नव्हती. त्या काळी विधवेने तेथे येऊ नये, असा दंडक होता, आणि ती स्वयंपाकाच्या पडद्यापाशी उभी होती. गुरुजींनी वराच्या तीन पिढ्या खणखणीत म्हटल्या. मग विचारले, “वधूचे प्रपितामह?”

“यशवंतराव,” काका पाठीमागून म्हणाले.

दादांनी पाण्याची झारी या हातातून त्या हातात घेतली. गुरुजींनी ‘यशवंत’ म्हणायला तोंड उघडले, आणि मुंडावळ्यांच्या आडून शकूताईचा आवाज आला, “याकोब.”

नवरी मांडवात बोलली! पंगतीकडे निघालेली माणसे जागच्या जागी थांबली. काका ओरडले, “शकू!” आई खाली पाहू लागली. आणि बापूसाहेब, जे इतका वेळ पागोटे सावरीत बाजूला उभे होते, ते पुढे आले. “काय नाव म्हणाली?”

दादांनी झारी खाली ठेवली. “याकोब,” ते म्हणाले. “सुईस मुलखातला होता. एका जहागीरदाराच्या गाई घेऊन आला होता. फौजेत नव्हता, बापूसाहेब. कॅप्टन नव्हता. माझ्या आजीनं त्याच्याशी पाट लावला. यशवंतराव कोणी नव्हता, ते नाव तिनं मागून लावलं. गवळी होता आमचा आजा. तुम्हांला चालत नसेल, तर आता सांगा.”

बापूसाहेबांनी पागोटे काढून हातात घेतले. “फौजेत नव्हता? नक्की?”

“नक्की.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!” बापूसाहेब केवढ्याने तरी म्हणाले. “साखरपुड्यापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. माझ्या आज्याचं उभं पीक फौजेनं घोड्याखाली तुडवलं होतं, साऱ्याची वसुली म्हणून. त्याच्या तोंडून ऐकत मोठा झालो मी. आणि म्हटलं, आता त्याच कॅप्टनची पणती घरात आणतोय! पोराला शब्द दिला होता, म्हणून गप बसलो. गवळी म्हणता? म्हशी होत्या का?”

“गाई मेल्या. मग म्हशीच,” दादा म्हणाले.

“माळेगावला जायचा,” मी मधेच ओरडलो. “यात्रेला. परातीवर कोरलंय.”

“माळेगावला?” बापूसाहेब माझ्याकडे वळले. “खंडोबाच्या बाजारात? अरे, मग आमच्याच वाड्यावस्त्यांतून जात असणार की तो! आमच्याकडून बैलही नेला असेल. ए, ऐकलंस का,” त्यांनी आपल्या पत्नीला हाक मारली, “सुईस साब माळेगावकर निघाले!”

विहीणबाई मात्र तेवढ्यावर मानणाऱ्या नव्हत्या. “ते असू दे,” त्या म्हणाल्या. “पण म्हणजे किरिस्तावच ना? गोत्र काय लावायचं?”

गुरुजी इतका वेळ दर्भाची काडी दातांत धरून हे सारे ऐकत होते. त्यांना, मला वाटते, भूक लागली होती. “बाई,” ते म्हणाले, “ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, असा प्रघात आहे. आणि या ढग्यांचे गोत्र त्यांच्या आजोबांच्या लग्नापासून काश्यपच सांगत आले आहेत. म्हणजे ज्या माउलीने नाव बदलले तिने गोत्र सांगताना लबाडी केलेली नाही. मला मुलूख नको, नाव हवे. मुहूर्त गेला, जेवण निवते आहे. म्हणू?”

“म्हणा,” बापूसाहेब म्हणाले.

भालूच्या पुस्तिकेत असे छापले आहे की, ‘गुरुजींनी प्रसंगावधान राखून यशवंतराव हेच नाव उच्चारले व गैरसमज टळला.’ कोणताही गैरसमज टळला नाही. मी दादांच्या मागे, हातभर अंतरावर, ओला कोट घालून उभा होतो. गुरुजींनी म्हटले : काश्यपगोत्रोत्पन्नस्य याकोबवर्मणः प्रपौत्रीम्. रीतीप्रमाणे त्यांनी ते तीन वेळा म्हटले आणि प्रत्येक वेळी दादांच्या झारीतून पाण्याची धार शकूताईच्या बोटांवरून तिच्या नवऱ्याच्या ओंजळीत पडली. वसंतकाका, खरे सांगायचे तर, तिसऱ्या वेळी डोळे पुशीत होते. हे मी भालूला मुद्दाम कळवू इच्छितो, कारण त्याचे वडील त्याच्या पुस्तिकेपेक्षा चांगले गृहस्थ होते.

संकल्प संपला, असे वाटून माणसे पुन्हा पंगतीकडे वळली. तेवढ्यात स्वयंपाकाचा पडदा बाजूला झाला आणि आत्याआजी मांडवात आली. तिला कोणी अडवले नाही. अडवायला कोणी धजलेच नसते. ती सरळ गुरुजींपुढे येऊन उभी राहिली. अंगणात उभी राहून रस्त्यापलीकडच्या घरातली कुजबूज ऐकणारी ही बाई. साऱ्या बरकतपुऱ्यात तिच्याइतके तिखट कान दुसऱ्या कोणाचे नव्हते. तिने हात कानामागे नेला आणि म्हणाली,

“मोठ्यानं म्हणा हो, गुरुजी. मला म्हातारीला ऐकू नाही आलं.”

गुरुजींनी तिच्या घाऱ्या डोळ्यांकडे पाहिले. मग त्यांनी घसा साफ केला, मांडी सावरली आणि पंगतीतल्या शेवटच्या पाटापर्यंत पोहोचेल अशा आवाजात ते नाव पुन्हा एकदा, साऱ्या विशेषणांसकट, म्हटले. दूर बसलेल्यांना वाटले, काही विधी राहिला असावा. ज्यांच्या मुठीत अजून अक्षता होत्या त्यांनी त्या उधळल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा आत्याआजीच्या डोक्यावर पडल्या.